पापलेटाला एकदा तरी अंडी घालू द्या: महाराष्ट्राचा समुद्र आणि मासळी याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पालघरच्या किनाऱ्यावर वाढले. आता शहरात राहते. मासळीचा विषय निघाला की शेजारी, ऑफिसातले सहकारी, लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. महाराष्ट्राचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. गरज पडली तिथे गोवा, केरळ आणि एकदा थेट कॅनडापर्यंत गेले आहे.

मासे खरंच कमी झालेत का? बाजारात तर पाट्या भरलेल्या दिसतात.

पाट्या भरलेल्या असतात, पण त्यांतला मासा आला कुठून आणि आहे केवढा, हे विचारून बघा. मुंबई-पुण्याच्या बाजारात गुजरातचा, आंध्रचा, तमिळनाडूचा मासा बर्फातून येतो. त्यामुळे आपल्या दर्यातली तूट गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला फक्त भाव दिसतो.

कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज काढते. तिच्या नोंदीनुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी ऑक्टोबरात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही वादळं आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात अडकून पडल्या, हेही खरं. मासळीचा आकडा वरखाली होतच असतो, एका वर्षावरून निकाल लावू नये.

म्हणून मी आकड्यापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींकडे बघते. तोच मासा मिळवायला बोटीला किती लांब जावं लागतं, किती डिझेल जळतं; आणि मिळालेला मासा केवढा असतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला विचारा, दोन्ही उत्तरं सारखीच येतील: लांब जावं लागतं, आणि मासा लहान झालाय. पकडीचं वजन कधीकधी टिकून राहतं, कारण मोठ्या माशांच्या जागी पिल्लांची संख्या वाढलेली असते. ती पकड टिकणारी नसते.

जगाचं चित्र याहून वेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, तपासलेल्या मत्स्यसाठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांमधून झेपेल त्यापेक्षा जास्त मासा काढला जातो. १९७४ मध्ये हे प्रमाण १० टक्के होतं.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी कधी असते आणि कशासाठी?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. बंदी यांत्रिक बोटींना आहे. बिगरयांत्रिक, वल्ह्या-शिडाच्या होड्यांना नाही.

कारणं दोन आहेत. एक सगळ्यांना ठाऊक आहे: खवळलेल्या दर्यात माणसं मरतात. दुसरं असं की, आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच जातींच्या विणीचा काळ उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत असतो. नद्या सह्याद्रीवरून गाळ आणि खनिजं घेऊन खाडीत उतरतात, वाऱ्याने पाणी ढवळून निघतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लांना तेव्हाच खायला मिळतं. मासा हा काळ नीट हेरून अंडी घालतो.

कोळ्यांना हे कायद्याच्या आधीपासून माहीत होतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावर होडी पाण्यात लोटायची, ही रीत त्याच ज्ञानावर उभी आहे.

६१ दिवस पुरतात का?

माझ्या मते नाही. महाराष्ट्रात पूर्वी बंदी साधारण १० जून ते १५ ऑगस्ट अशी असे, नारळी पौर्णिमेच्या जवळ जाणारी. आता १ ऑगस्टला बोटी सुटतात तेव्हा दर्या पुरता शांत झालेला नसतो आणि पिल्लंही अजून बोटभर असतात. पहिल्याच फेरीत ती जाळ्यात येतात. बंदी ९० दिवसांची करा, निदान १५ ऑगस्टपर्यंत न्या, ही मागणी मच्छीमार संघटनाच करत आल्या आहेत. स्वतःचा धंदा बंद ठेवायचे दिवस वाढवून मागणारे लोक मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसले नाहीत. मात्र एका राज्याने वाढवून भागणार नाही. शेजारच्या राज्याच्या बोटी तोवर आपल्याच पाण्यात उतरलेल्या असतील, तर थांबणाऱ्याचं नुकसान आणि पळणाऱ्याचा फायदा होतो.

मग बंदीच्या दिवसांत बाजारात मासे येतात कुठून?

शीतगृहातून, पूर्व किनाऱ्यावरून (तिथली बंदी जूनच्या मध्यात उठते), कोळंबीच्या तळ्यांतून, खाडीतून आणि आंध्रच्या रोहू-कटल्याच्या शेतीतून. शिवाय सुकट, सोडे, सुके बोंबील आहेतच. उन्हाळ्यात वलांडीवर (मासे वाळत घालायच्या मांडवावर) बोंबील वाळवायचे ते याच महिन्यांसाठी. जुलैमध्ये कोणी ‘ताजं, आत्ताच उतरलेलं’ पापलेट विकत असेल, तर ते कुठून आलं हे जरूर विचारा.

‘लहान मासा घेऊ नका’ म्हणतात. लहान म्हणजे नेमका केवढा?

राज्य सरकारने २ नोव्हेंबर २०२३ रोजी ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. त्याहून लहान मासा पकडायलाही बंदी आहे. घरात रोज येणाऱ्या माशांपुरतं एवढं लक्षात ठेवा: पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०, बोंबील १८०, सुरमई ३७०.

मोजपट्टी घेऊन बाजारात कोणी जात नाही. पण पाकिटात ५० रुपयांची नवी, निळी नोट असते. तिची लांबी बरोबर १३५ मिलिमीटर आहे. पापलेट त्या नोटेपेक्षा आखूड असेल तर ते पिल्लू आहे. बोंबलासाठी आपली वीत वापरा. बहुतेकांची वीत १८० मिलिमीटरपेक्षा थोडी मोठी भरते; बोंबील वितीच्या आसपास असावा.

हे आकडे किमान आहेत. नोटेपेक्षा जरासं मोठं पापलेट म्हणजे भरपूर वाढलेलं पापलेट असं समजू नका. यामागचा विचार साधा आहे: मासा मरण्याआधी त्याने निदान एकदा प्रजनन केलेलं असावं. एवढं जरी पाळलं गेलं तरी साठा स्वतःच्या बळावर उभा राहतो.

एक घोळ नेहमी होतो, तो इथेच मिटवते. लहान मासा आणि माशाचं पिल्लू यांत फरक आहे. मांदेली, जवळा हे जन्मभर लहानच राहतात. ते भरपूर खा. ताटातल्या ‘छोट्या पापलेटां’चं तसं नाही. हॉटेलात एका माणसाला एक अख्खं तळलेलं पापलेट वाढायची पद्धत पडली आणि ताटात मावेल एवढ्या माशाला मागणी आली. या एका सोयीने पापलेटाचं फार नुकसान केलं आहे. आमच्या घरी मोठं पापलेट, म्हणजे सरंगा, आणून त्याच्या तुकड्या व्हायच्या, आणि सगळ्यांना पुरायच्या.

पापलेटाला राज्यमासा केलं ना? त्याने काय झालं?

सप्टेंबर २०२३ मध्ये सिल्व्हर पॉम्फ्रेट, म्हणजे आपलं पांढरं पापलेट, महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालं. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. त्या गावाचं नाव आणि संसार दोन्ही पापलेटावर उभे राहिले, आणि तिथेच ते वर्षानुवर्षं घटताना लोकांनी पाहिलं. बिरुदाने मासा वाढत नाही. किमान आकाराचा नियम दोनच महिन्यांनी आला, तो मात्र उपयोगाचा आहे.

डोल, दालदी, रापण, ट्रॉल, पर्ससीन: यात नेमका फरक काय? सगळी जाळीच ना?

मासळीच्या भांडणातलं निम्मं भांडण या एका प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दालदी किंवा गिलनेट हे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडतात. जाळ्याच्या भोकाला आपण आस म्हणतो. आस मोठा ठेवला की मोठा मासा कल्ल्याशी अडकतो आणि लहान आरपार निघून जातो. सातपाटीचं पापलेट असंच पकडलं जातं. पिल्लं वाचवणारी एवढी चांगली पद्धत दुसरी नाही, अट एकच की आस खरोखर मोठा हवा.

डोल हे निमुळत्या पिशवीसारखं जाळं. ते खुंटाला बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून ठेवतात. इंजिनाची ओढ लागत नाही, पाणीच मासा आणून घालतं. अर्नाळा, वसई, उत्तन, वर्सोवा इथला बोंबील, जवळा, करंदी डोलीतूनच येते.

रापण सिंधुदुर्गात आणि गोव्यात. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीची वाटणी होते, ओढायला हात लावलेल्याला वाटा मिळतो.

ट्रॉल तळाशी लाकडी किंवा लोखंडी फळ्या लावून बोटीने ओढत नेतात. तळावरचं जे येईल ते आत. कोळंबीच्या निर्यातीने या पद्धतीला बळ दिलं. भारतात ती रुजली केरळात, नॉर्वेबरोबरच्या १९५२ च्या करारानंतर. तळ खरवडला जातो, शिंपले, खेकडे, अंडी, पिल्लं सगळं उपसलं जातं. त्यातला बारीक मासा कुटी म्हणून वाळवून मत्स्यचुऱ्याच्या कारखान्याकडे जातो. उद्याचं पापलेट आज कोंबडीचं खाद्य होतं, हे मला पचत नाही.

पर्ससीन म्हणजे मासळीच्या थव्याभोवती फिरवलेलं प्रचंड जाळं. खालची दोरी ओढली की बटव्यासारखं ते तळाकडून बंद होतं. तारली आणि बांगड्याचा अख्खा थवा एका खेपेत उचलला जातो. शासनाच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्राच्या पाण्यात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले आणि आस २५ मिलिमीटरहून लहान नको असं ठरवलं. अशा बोटींची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायची, ही त्यामागच्या सोमवंशी समितीची शिफारस होती.

आणि एलईडी मासेमारी?

रात्री बोटीवर जनरेटर लावून पाण्यात प्रचंड उजेड सोडायचा. मासा उजेडाकडे येतो, लहान-मोठा सगळाच, आणि मग त्याला घेरायचं. माशाला पळायची, लपायची संधीच राहत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे राज्यांच्या हद्दीपुढच्या केंद्राच्या समुद्रात, यावर बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला सागरी मासेमारी कायदा सुधारून एलईडीसाठी ५ ते २० लाख रुपये दंड ठेवला. तरीही रात्री मालवणच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर शहरासारखे दिवे दिसल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात.

म्हणजे दोष फक्त मोठ्या बोटींचा?

नाही, आणि मी किनाऱ्याची लेक असूनही हे लिहिलं पाहिजे. डोलीच्या शेपटाकडचा आस फार बारीक असतो. जवळा पकडायचा तर तो बारीक लागतोच. पण हंगामाच्या सुरुवातीला त्याच शेपटात पापलेटाची नखाएवढी पिल्लं येतात. सातपाटी-डहाणूकडचे दालदीवाले आणि वसई-उत्तनकडचे डोलवाले यांच्यात कवींच्या, म्हणजे डोल बांधायच्या खुंटांच्या, जागेवरून जुना वाद आहे, त्यातला एक मुद्दा हाही आहे. दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत. वाद मिटवायचा तर पिल्लांच्या महिन्यांत काही जागा डोलीला बंद ठेवणं आणि त्या दिवसांची भरपाई देणं, हे दोन्ही एकदम करावं लागेल. नुसती बंदी घातली तर ती मोडली जाईल, आणि मोडणाऱ्याच्या घरी चूल पेटवायचा प्रश्न असेल.

तरी प्रमाणाचं भान ठेवा. एक पर्ससीन एका रात्रीत जेवढं उचलते, तेवढं रापणीच्या गावाला कित्येक दिवस पुरतं.

नियम एवढे आहेत, मग पाळले का जात नाहीत?

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्याच्या जन्माची गोष्ट गोव्यात सुरू होते. १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत आले आणि रापणकारांची जाळी रिकामी येऊ लागली. मथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकार रस्त्यावर उतरले. देशभरच्या मच्छीमारांची संघटना उभी राहिली ती याच लढ्यातून. गोव्याचा कायदा १९८० मध्ये आला, महाराष्ट्राचा त्याच्या पाठोपाठ. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी छोट्या मच्छीमारासाठी राखलं गेलं. आपल्याकडे ठिकाणानुसार ५ ते १० वाव खोलीपर्यंत (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) यांत्रिक ट्रॉलला मज्जाव आहे.

अंमलबजावणीची अडचण अशी की, राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे केंद्राची. बोट रेषेपलीकडे गेली की गस्त नौकेचे हात बांधले जातात. गस्त नौका कमी, किनारा सात जिल्ह्यांचा. परराज्यांतले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गच्या पाण्यात घुसतात आणि दालदीवाल्यांची जाळी तोडून जातात, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं आहे. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली. ड्रोनने चित्र मिळतं, पुरावा मिळतो. पण दंड वसूल होईपर्यंत आणि परवाना रद्द होईपर्यंत त्याचा धाक बसत नाही.

बाजारातल्या तपासणीबद्दल कोणी बोलत नाही. पिल्लं समुद्रात पकडली जातात, पण विकली जातात धक्क्यावर, उजेडात, लिलावात. मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला पहाटे चार वाजता उभा राहिलेला एक प्रामाणिक निरीक्षक चार गस्त नौकांचं काम करू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

सांडपाणी, प्लास्टिक, कांदळवन यांचा मासळीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. कोळंबी, बोय, जिताडा, चिंबोरी यांचं बालपण खाडीत जातं. कांदळवनाच्या मुळांच्या जाळ्यात मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून पिल्लं तिथे वाढतात. खाडी मेली की तिच्या तोंडाबाहेरचा दर्याही काही वर्षांत ओस पडतो.

कांदळवनांच्या बाबतीत महाराष्ट्राने चांगलं काम केलं आहे, ते सांगायला हवं. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडण्यावर राज्यभर बंदी आणली आणि भोवतालचे ५० मीटरही राखायला सांगितले. पांढरी चिप्पी हा आपला राज्य कांदळवृक्ष आहे.

सांडपाण्यात मात्र आपण फार मागे आहोत. तारापूरच्या कारखान्यांच्या पाण्याने नवापूर, मुरबे, दांडी भागातली खाडी नासली, तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. लवादाने २०२२ मध्ये मच्छीमारांची बाजू मान्य करून भरपाईचा आदेश दिला. निकाल लागेपर्यंत ज्यांनी खाडीतली निवटी आणि कालवं वेचून घर चालवलं, त्या बायकांची कित्येक वर्षं गेली. त्यांचं नुकसान कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

प्लास्टिकचं सांगायचं तर, मुंबईच्या आसपास डोल उचलली की आधी पिशव्या निवडाव्या लागतात आणि मग बोंबील.

समुद्र तापतोय, याचा आपल्याकडे परिणाम दिसतो का?

दिसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरातली सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटली आहे. वरचं पाणी तापलं की ते खालच्या थंड, पोषक पाण्यात मिसळत नाही आणि अन्नसाखळीचा पायाच खचतो. त्याच संस्थेच्या आणखी एका अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडवर आदळलं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासत गेलं. वादळाचा इशारा आला की बोट परत फिरते, खलाशांचा पगार आणि बर्फ-डिझेलचा खर्च मात्र चालूच राहतो.

हवामान आपल्या हातात नाही. तापलेल्या समुद्रात टिकायला माशाला संख्या लागते, आणि संख्या ठेवणं आपल्या हातात आहे.

बंदरं, सागरी रस्ते हवेत की नकोत?

प्रत्येक प्रकल्प वेगळा. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाला सरसकट नाही म्हटलं नव्हतं. दोन खांबांमधून बोट सुखरूप जाईल एवढं अंतर मागितलं होतं. दीर्घ आंदोलनानंतर ते ६० मीटरचं १२० मीटर झालं. हे आधीच विचारलं असतं तर दोन्हीकडची वर्षं वाचली असती.

डहाणूजवळच्या वाढवणचं प्रकरण याहून मोठं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या या बंदराचा खर्च सुमारे ७६,००० कोटी आणि समुद्रातला भराव जवळपास १,४५० हेक्टरचा. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, आणि तिथला खडकाळ उथळ भाग हा पापलेट, घोळ, शेवंड यांच्या वाढीचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: एका बाजूला पापलेटाला राज्यमासा म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या पाळण्यात भराव घालायचा, हे जुळत नाही.

जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला तर?

जाळं कापून सोडा. डिसेंबर २०१८ पासून राज्याची योजना आहे: संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचे फोटो काढून ठेवा. या योजनेतून पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन सुटले आहेत.

कासवांचा धंद्याशीही संबंध आहे. ट्रॉलमध्ये कासव निसटायची सोय नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं.

मत्स्यशेती वाढवली तर समुद्रावरचा भार हलका होईल ना?

काय वाढवता त्यावर आहे. मांसाहारी मासा किंवा कोळंबी पोसायची तर तिला मत्स्यचुरा घालावा लागतो, आणि तो समुद्रातल्या बारीक माशाचाच. कालवं आणि शिणाणे या शिंपल्यांतल्या जिवांना बाहेरून काही घालावं लागत नाही, ते पाणी गाळून खातात आणि खाडी स्वच्छ ठेवतात. खाडीकाठच्या महिला गटांना हे काम जमतं. माझं मत अशा शेतीच्या बाजूने आहे.

कुठे सावरलंय का? की सगळीकडे उतरतंच चाललंय?

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात शिवल्यांचं (खाण्याच्या शिंपल्यांचं) उत्पन्न १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंद ठेवला, बारीक आसाच्या जाळ्यांना बंदी झाली, लहान शिवली विकायची नाही असं ठरलं. मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि सरकार एकत्र बसले. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

न सावरलेलंही सांगते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं कॉड मासा उदंड होता. शास्त्रज्ञांचे इशारे येत राहिले, कोटे मोठेच राहिले. २ जुलै १९९२ ला सरकारला मासेमारी पूर्ण बंद करावी लागली, ३०,००० च्या वर लोकांचा रोजगार गेला. सुरुवातीला दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं.

जागतिक करारांचा आपल्या कोळ्याला काय उपयोग?

थोडाफार. जागतिक व्यापार संघटनेचा हानिकारक अनुदानांविरुद्धचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. भारताचं म्हणणं आहे की लांब समुद्रात महाकाय जहाजं पाठवणाऱ्या देशांना आणि डिझेलवरच्या कराच्या परताव्यावर होडी चालवणाऱ्याला एका मापाने मोजू नका. ते म्हणणं रास्त आहे.

मग आम्ही मासे खाणं सोडायचं का?

मुळीच नाही. तुम्ही खाणं सोडलंत तर पाटी घेऊन बसलेल्या मावशीचं पोट आधी जाईल, कारखान्याकडे जाणारी कुटी नाही थांबणार. खा, पण पापलेट-सुरमई-कोळंबी या त्रिकुटातून बाहेर या. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, वाकटी, बोय, शिणाणे हे लवकर वाढतात आणि भराभर वितात. मुशी, म्हणजे लहान शार्क, कमी खा. ती उशिरा वयात येते आणि एका वेळी मोजकीच पिल्लं देते.

विकत घेताना मावशीला सांगा की मोठं असेल तर घेते, पिल्लं नको. ती पुढच्या पहाटे लिलावात तेच बोलते. गिऱ्हाइकाचा शब्द धक्क्यापर्यंत पोचायला एक दिवस लागतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

शेवटचं: गाभोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, फार आवडते. ती खाऊ नये का?

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. मेलेल्या माशाची गाभोळी टाकून दिल्याने कोणाचं भलं होत नाही. मासा घरात आला असेल तर आनंदाने तळा. फक्त गाभोळीसाठी म्हणून मुद्दाम भरलेला मासा मागू नका, विशेषतः मेच्या शेवटच्या पंधरवड्यात, जेव्हा बोटी बंदीआधीच्या अखेरच्या फेऱ्या मारत असतात. त्या दिवसांत भरल्या पोटाच्या माशाला चढा भाव मिळतो, आणि त्या भावासाठी आणखी एक फेरी होते. आमच्या घरी ते पंधरा दिवस सुकं आणि कैरी घातलेली करंदी चालायची. आजही चालते.